तन्वीचं राहिलेलं बोरन्हाण

कुमुदिनीकाकूला मूल झालं नाही, पण त्याचं दुःख करायला तिला कधी सवडच मिळाली नाही. माळव्यातल्या मिलच्या चाळीत राहणाऱ्या बाईला सवड कुठून मिळणार? सकाळी दार उघडावं तर ओट्यावर कुणाचं तरी पोर नाक ओढत उभं. त्याचं नाक पुसेपर्यंत दुसरं स्वयंपाकघरात शिरून गुळाचा डबा शोधत असायचं. कुणाची आई बाळंतपणाला गेलेली, कुणाची नळावर भांडायला गेलेली, कुणाची नुसतीच वैतागलेली, आणि सगळ्याजणींचं वाक्य एकच, "जा, काकूकडे जाऊन बस." अशा घरात वेगळं मूल पाठवायचं देव विसरला असेल, तर त्यात देवाचीही फार चूक म्हणता येत नाही.

नवरा श्रीकृष्णराव मिलच्या टाइम ऑफिसात कारकून. माणूस सरळ, बोलणं कमी. पण जे बोलायचा ते नेमकं काकूला नको असेल तेव्हाच बोलायचा.

संक्रांतीत काकूचा खरा थाट. चाळीत जन्मलेल्या प्रत्येक पोराचं बोरन्हाण तिच्या ओट्यावर व्हायचं. मूल नसलेल्या बाईनं अशा कार्यात पुढे होऊ नये, असं कुजबुजणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्या तिथेही होत्या. पण काकूचा हलवा असा काटेरी आणि पांढराशुभ्र उठायचा की त्यांनी आपलं शास्त्र मुकाट्यानं गुंडाळून ठेवलं. ती थंडीत मंद शेगडीवर परात ठेवून बसायची, साबुदाण्यावर पाकाचे थेंब सोडत बोटांनी हलवत राहायची. मग त्या हलव्याचे हार, बांगड्या, मुकुट. काळं झबलं घालून बाळाला पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या. ओतणारी एक आणि लुटणारी सारी चाळ! मराठी, माळवी, उत्तरेकडची, सगळी पोरं "चलो, काकू के यहाँ बेर लूटने" म्हणत धावायची. पाटावरचं बाळ त्या झुंबडीला घाबरून भोकाड पसरायचं आणि बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

मग मिल बंद पडली. एकदम पडली असती तर बरं झालं असतं. पण ती आधी एका पाळीवर आली, मग पगार रखडले, मग दाराला कुलूप लागलं, आणि "उघडेल, उघडेल" म्हणत लोक बसून राहिले. दिल्लीत नवं धोरण आलं होतं, पेपरात देश उघडल्याच्या बातम्या येत होत्या. इथे एक फाटक उघडत नव्हतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विजय नगरकडे प्लॉट कापले जाऊ लागले, रंगीत टीव्हीच्या दुकानांवर गर्दी दिसू लागली आणि मिलच्या चाळीतून बिऱ्हाडं टेम्पोत चढू लागली. कोणी सुरतेला गेलं, कोणी पुण्याला, कोणी पीथमपूरला कारखान्याच्या दारात उभं राहायला. गेले ते तरणे गेले, आणि तरण्यांबरोबर पोरं गेली.

जे तरणे राहिले त्यांनी आणखी वेगळंच केलं. त्यांनी मुलं होऊ देणं थांबवलं. "मिलचं काय ते होऊन जाऊ दे, मग बघू," असं सगळ्यांच्या तोंडी. मिलचं काही झालं नाही, आणि पाळणेही हलले नाहीत. शाम किराणावाल्यानं लिमलेटच्या बरण्या आधी मागच्या फळीवर नेल्या आणि मग आणणंच बंद केलं. बालवाडीच्या खोलीत कोणी कांदे भरले. शाळेचे गणवेश शिवणारा शिंपी म्हाताऱ्यांचे पायजमे उसवून पुन्हा शिवत बसायचा. गणपतीत लेझीम खेळायला कोणी उरलं नाही, तेव्हा आरती झाली की लोक प्रसाद घेऊन गुपचूप घरी जाऊ लागले. माणसं कमी झाली की आवाज कमी होतो, हे कोणालाही कळतं. पण कामधंदाही पोरांच्याच पायांनी चालत असतो, हे चाळीला तेव्हा कळलं. अक्कल आली, पण फार उशिरा.

आणि काकूला सवड मिळाली.

ही सवड काय असते, ते तिला पहिल्यांदा एका दुपारी उमगलं. ओटा झाडून झाला होता, दार सताड उघडं होतं आणि कोणी येत नव्हतं. आपल्याला मूल नाही, हे इतक्या वर्षांनी तिला त्या दुपारी कोणीतरी कानात येऊन सांगितल्यासारखं वाटलं. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. श्रीकृष्णरावांनी विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "झोप येतेय." ती खोटं बोलली, आणि तिच्यासाठी ते नवीन होतं.

राहिली होती एकटी तन्वी.

विष्णू आणि मंजिरी यांची ही मुलगी. मिलला कुलूप लागलं तेव्हा मंजिरीला दिवस गेले होते, म्हणून ही जन्मली. नाहीतर तीही "मग बघू"मध्येच राहिली असती. विष्णू मिलमध्ये विणकर होता. आता कधी भाड्याचा टेम्पो चालवायचा, कधी हमाली करायचा, कधी हातोदच्या बाजारात सासऱ्यांच्या ओळखीनं पोती उचलायला जायचा. मंजिरी शिवणाला बसली की तन्वी काकूकडे. ती जेवायची काकूच्या ताटात, निजायची काकूच्या कुशीत, आणि चालायला शिकली तीही काकूचा पदर धरून. साऱ्या चाळीची माया आता एका पोरीवर कोसळत होती. कोणी तिला पेरू देई, कोणी पाटीवर हत्ती काढून दाखवी. बिचारी बोलायलाही म्हाताऱ्यांसारखीच शिकली. तीन वर्षांची पोर, पण उठता-बसता "आई गं, गुडघे!" म्हणायची. लोक हसायचे. काकूही हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तन्वीचं बोरन्हाण राहून गेलं होतं. पहिल्या संक्रांतीला विष्णूच्या वडिलांचं सुतक आलं, पुढच्या दोन्ही वर्षी घरात उत्साहच नव्हता. पाच वर्षांची होईपर्यंत करता येतं, म्हणून कोणी घाई केली नाही.

त्या वर्षी भोगीच्या दिवशी विष्णू काकूकडे आला. चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"काकू, काम जमून गेलं! बंडूनं इचलकरंजीला शेठशी बात पक्की केली." बंडू म्हणजे त्याचा मामेभाऊ. "मागावरच काम आहे. खोली पण मिळते आहे. बंडू बोलला, खोल्यांच्या लाइनीत पोरंच पोरं आहेत, तन्वी खूश होऊन जाईल. परवा निघतो आम्ही."

काकूच्या हातात बाजरीच्या भाकरीचा गोळा होता. तो तिनं परातीत ठेवला.

"परवा? परवा कर आहे रे. करीच्या दिवशी कोणी प्रवासाला निघतं का?"

"बरं, मग तेरवा."

इथे काकूनं "बरं" म्हणायला हवं होतं. पोटच्या पोरासारखा मुलगा, चार वर्षांनी दोन घास सुखाचे दिसत होते. पण तिच्या मांडीवर तन्वी बसली होती आणि पिठात बोट बुडवून काकूच्या गालावर टिकल्या काढत होती. काकूच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आणि पोरीचं बोरन्हाण? ते केल्याशिवाय पोरीला परमुलखात नेऊ नये, विष्णू. पोरीला बाधतं. माझी आजी सांगायची."

विष्णू थबकला. "मग उद्या करून घेऊ, संक्रांतीला."

"उद्या कसं? हलवा नाही, झबलं नाही. एकुलती एक पोर, तिचं असं उरकायचं? रथसप्तमीपर्यंत चालतं. शेठला सांग, थोडं थांबा म्हणावं. विणकर काय रस्त्यावर पडलेत?"

विणकर रस्त्यावरच पडले होते, आणि हे काकूइतकं कोणाला ठाऊक होतं? त्या वर्षी रथसप्तमी चांगली फेब्रुवारीत होती. विष्णूनं मंजिरीला विचारलं. मंजिरी आई होती. "बाधतं" हा शब्द ऐकल्यावर ती काय बोलणार? विष्णूनं शामच्या दुकानातून बंडूला फोन लावला. बंडू चिडला, पण म्हणाला, "बघतो, शेठला सांगून बघतो."

रात्री जेवताना श्रीकृष्णराव म्हणाले, "तुझी आजी तर सोवळंही पाळत नव्हती. हे शास्त्र तिनं कधी सांगितलं?"

"तुम्हाला काय करायचंय? गुपचूप जेवा."

"अगं, त्याची नोकरी..."

"कुठे जात नाही नोकरी!" काकू इतक्या जोरानं म्हणाली की त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "थोडे दिवस, अहो. थोडेच दिवस मागतेय मी."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं, असं मला वाटतं. पण त्या घरात ती पोर दोघांच्याही जिवाला लागलेली होती.

त्या दिवसांत काकूनं जो हलवा केला तसा आधी कधी केला नव्हता. मुकुट, हार, वाक्या, कमरपट्टा, सगळं केलं. काळ्या झबल्यावर मंजिरीकडून खडीच्या चांदण्या लावून घेतल्या. तन्वी शेजारी बसून विचारायची, "माझ्या बोरन्हाणाला मुलं येणार?"

"येणार तर! खूप येणार."

तिथेच काकूला आपली अडचण कळली. बोरन्हाण म्हणजे लूट, आणि लुटायला पोरं पाहिजेत. ती चाळीच्या चारी ओळी फिरून आली. निम्म्या दारांना कुलपं होती. उरलेल्यांत म्हातारे होते, नाहीतर परीक्षेला बसलेली, मिसरूड फुटलेली मुलं. शेवटी तिला अमिता आठवली. अमिता याच ओट्यावर वाढलेली, आता नवरा आणि लहान मुलासह विजय नगरला फ्लॅटमध्ये राहत होती. काकू सिटी बसनं तिथवर गेली. अमितानं पोहे केले, गळ्यात पडली, म्हणाली, "काकू, टेन्शन बिल्कुल नको. मानसला आणते आणि बिल्डिंगचे सगळे बच्चे घेऊन येते. मॅटाडोर करून आणते, बघा तुम्ही!"

काकू परत आली ती तरंगतच.

रथसप्तमीला दुपारी ओट्यावर रांगोळी पडली. तन्वी काळं झबलं घालून, हलव्यानं मढून पाटावर बसली. इतकी गोड दिसत होती की द्वारकाबाईंनी दोनदा दृष्ट काढली. द्वारकाबाई म्हणजे शेजारच्या ओळीतल्या सत्तरीच्या विधवा. त्यांची तिन्ही मुलं तीन गावांना होती. शाम आला, शिंपी आला, श्रीकृष्णराव धुतलेला सदरा घालून उभे राहिले. विष्णू कोपऱ्यात होता, जरा गप्प. सगळे रस्त्याकडे बघत होते.

मॅटाडोर आली नाही. ऊन खाली उतरायला लागलं तेव्हा शामच्या दुकानात फोन आला. बिल्डिंगमधल्या कुणाचातरी बर्थडे निघाला होता, मुलं तिकडे गेली, मानस रडून ऐकेना. "सॉरी काकू, पुढच्या वेळी नक्की."

"चला, मुहूर्त जातोय," काकू म्हणाली. तिनं औक्षण केलं, मापटं भरलं आणि तन्वीच्या डोक्यावरून ओतलं.

बोरं टपटप खाली पडली. रेवड्या घरंगळत ओट्याच्या कडेला गेल्या. चुरमुरे केसांत अडकले. आणि मग सगळं शांत झालं. कोणी धावलं नाही. कोणी कोणाला ढकललं नाही. पाटावरच्या पोरीला रडायलाही कारण मिळालं नाही. ती मान वळवून इकडेतिकडे बघत राहिली.

श्रीकृष्णरावांना ते सहन झालं नाही. गुडघ्यावर हात ठेवत ते खाली बसले आणि "लुटा रे लुटा!" म्हणाले. लगेच शाम वाकला, शिंपी वाकला, द्वारकाबाई भिंत धरून खाली टेकल्या. ती सगळी म्हातारी माणसं ओट्यावर रांगू लागली. बोरं वेचू लागली, एकमेकांच्या हातातून ओढू लागली, खोटं खोटं भांडू लागली. "अरे भिया, ये तो मेरा है!" शाम शिंप्यावर ओरडला. क्षणभर वाटलं, जमलं.

तेवढ्यात तन्वी पाटावरून उठली. दोन्ही हात पसरून ती त्या बोरांपुढे उभी राहिली.

"नाही! तुमचं नाही ते. मुलांचं आहे."

द्वारकाबाईंनी मुठीतली बोरं हळूच खाली ठेवली. मग बाकीच्यांनीही ठेवली. द्वारकाबाई उठल्या नाहीत. तिथेच बसून पदरात तोंड घालून रडू लागल्या. तन्वीनं सांडलेलं सगळं इवल्या हातांनी गोळा केलं, त्याचा ढीग केला आणि त्याच्याजवळ बसली. हलव्याचा मुकुट एका बाजूला कलला होता. काकू तिला उचलायला गेली तर म्हणाली, "थांब ना काकू. मुलं येतील आता."

दिवेलागणी झाली तरी ती राखण करत बसली होती, आणि समोर काकू. आपण काय करून बसलो ते काकूला तेव्हा दिसलं. चाळ रिकामी झाली म्हणून हे एक पोर तिनं धरून ठेवलं होतं, आणि त्या पोराला कशात ठेवलं होतं? म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत. तिला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज तिला मूल होत नाही म्हणून लोक बोलायचे तेव्हाही वाटली नव्हती.

तन्वी पेंगली तशी काकूनं तिला खांद्यावर घेतलं आणि थेट विष्णूचं घर गाठलं.

"उद्याच निघा," ती म्हणाली. "उद्याची गाडी पकडा. मी शिदोरी करून देते."

विष्णू चटईवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"जागा गेली, काकू. बंडूचा फोन येऊन गेला, चार दिवस झाले. शेठनं बिहारचा माणूस ठेवून घेतला. खोली पण त्यालाच दिली."

मंजिरी शिवण टाकून उठली. "चार दिवस? आणि मला नाही बोललात?"

"काय बोलणार? तू झबल्याला चांदण्या लावत होती. म्हटलं, पोरीचं होऊन जाऊ दे." मग काकूकडे बघून म्हणाला, "तुम्ही परेशान होऊ नका, काकू. पोरीला बाधलं असतं तर नोकरी घेऊन काय करणार होतो?"

तो समजूत घालत होता. काकूला ते ऐकवेना. खोटं एकदा बोललेलं पचतं. पण त्याच्याबद्दल कोणी आपलीच समजूत घातलेली पचत नाही.

"बाधत नाही रे काही," ती म्हणाली. "असं शास्त्रच नाही. मी मनानं सांगितलं. पोर जाईल म्हणून."

विष्णूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मंजिरी पुढे आली आणि काकूच्या खांद्यावरून तिनं झोपलेली तन्वी काढून घेतली. हलव्याच्या बांगडीचा दोरा काकूच्या पदरात अडकला, तो तिनं तोडला. दाणे जमिनीवर पडले.

"तुम्ही माझ्या पोरीच्या नावानं भीती घातली, काकू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या पोरीच्या."

एवढंच म्हणून ती आतल्या खोलीत गेली. काकू बराच वेळ तिथे उभी होती. मग घरी आली. श्रीकृष्णरावांनी दिवा लावला नव्हता, तिनंही लावला नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं, फक्त आणखी वाईट रीतीनं. विष्णू सुरतेला गेला, रोजंदारीवर, एका खोलीत दहा जणांत. तिथे बायकोला नेण्याची सोय नव्हती. मंजिरीनं पोरीला घेऊन हातोदला बापाकडे जायचं ठरवलं. इचलकरंजीला तिघं एकत्र राहिली असती. आता बाप एकीकडे, पोर एकीकडे. आणि काकूच्या हाती तर काहीच उरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी टेम्पो चाळीच्या तोंडाशी लागला. शिवणयंत्र, दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी. चार वर्षांत काकूनं असं सामान इतक्यांदा पाहिलं होतं की काय आधी चढतं नि काय शेवटी, ते तिला पाठ झालं होतं. तिनं तिळाच्या लाडवांचा डबा मंजिरीकडे दिला. मंजिरीनं तो घेतला, वाकून नमस्कार केला. रीत म्हणून केला, हे दोघींना कळलं.

तन्वी मात्र आनंदानं नाचत होती. तिला आजोळच्या मामाची मुलं सांगितली होती, बैल सांगितले होते. टेम्पोत बसल्यावर तिनं काकूला जवळ बोलावलं, दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "तिथे खूप मुलं आहेत. तू पण चल ना, काकू!"

काकू हसली. हसता हसता तिची नजर मंजिरीकडे गेली. नुसतं तोंडदेखलं तरी ती म्हणेल, "या ना काकू कधीतरी." एवढं ऐकलं असतं तरी काकूला उरलेला जन्म पुरलं असतं. मंजिरीनं पोरीच्या कानावर ओढणी गुंडाळली, तिला मांडीवर घट्ट घेतलं आणि पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "चलो भिया."